साभार परत आलेल्या कथेचं पुढे काय करायचं?

पालघर जिल्ह्यात, बोईसरजवळच्या सालवडला राहून लिहिणाऱ्याला विषयांची ददात नाही. एका अंगाला तारापूर एमआयडीसीचे कारखाने: रंग, रसायनं, औषधं, कापड, पोलाद. दुसऱ्या अंगाला अजून टिकून राहिलेली भातखाचरं आणि ताडांच्या रांगा. पश्चिमेला समुद्राकाठी १९६९ पासून वीज बनवणारं अणुऊर्जा केंद्र, आणि त्याच्या विस्तारापायी आपल्या जागेवरून उठलेली अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं. वाढवण बंदराचं भूमिपूजन २०२४ मध्ये झालं, बुलेट ट्रेनचं स्थानक बोईसरला व्हायचं आहे. चाळीच्या एकाच मजल्यावर जळगाव, गोरखपूर आणि बालासोर शेजारी शेजारी नांदतात. बोईसर स्टेशनच्या पुलावर जरा वेळ उभं राहिलं, तर वाडवळी, मांगेली, वारली, गुजराती, भोजपुरी या सगळ्या भाषा कानावरून जातात.

तुटवडा आहे तो वाचून खरं सांगणाऱ्या माणसाचा. पहिली कथा लिहून झाली की दाखवायची कुणाला? घरचे म्हणतात, छान. मित्र व्हॉट्सअॅपवर अंगठा पाठवतात. मासिकाकडून उत्तरच येत नाही. लिहिणारी पुष्कळ मुलं-मुली याच टप्प्यावर थांबतात. आपलं काय चुकतंय आणि काय जमलंय, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधीच एक सांगून टाकतो. नकार वेगळा आणि अभिप्राय वेगळा. नकारातून फार थोडं कळतं, नेमक्या अभिप्रायातून पुष्कळ कळतं, आणि दोन्हींचा उपयोग तेव्हाच होतो जेव्हा माणूस तीच कथा पुन्हा लिहायला बसतो. नव्या लेखकाला पहिल्या दोन गोष्टींचा त्रास होतो आणि तिसरीचा कंटाळा येतो.

नकाराचे अर्थ

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. अंकाची जुळवाजुळव पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होते. काही मजकूर नावाजलेल्यांकडून मागवलेला असतो, पानं किती ठेवायची हे जाहिराती ठरवतात, आणि उरलेल्या जागेसाठी न मागवलेल्या कथा-कवितांचा ढीग असतो. तुमची कथा त्या ढिगात असते.

तिथून ती परत येण्याची कारणं अनेक. लांबी जास्त झाली. त्याच विषयावरची दुसरी कथा आधीच घेतली गेली. अंकाचा पिंडच वेगळा, विनोदी अंकाला तुम्ही शोकांतिका पाठवलीत. किंवा कथा खरंच कच्ची आहे. यातलं नेमकं कुठलं, ते ‘साभार परत’ या दोन शब्दांवरून ओळखता येत नाही. आता तर तेवढे दोन शब्दही येत नाहीत. अंक बाजारात आल्यावर अनुक्रमणिका पाहून समजून घ्यायचं.

म्हणून एका नकारावरून स्वतःबद्दल काही ठरवू नये. संपादकाने छळ केला असंही नाही आणि आपल्यात काही नाही असंही नाही. मात्र तीच कथा निरनिराळ्या ठिकाणांहून परत येत असेल, तर दोष अंकांचा कमी आणि कथेचा जास्त, हे मान्य करून ती पुढे न पाठवता टेबलावर घ्यावी. नकारावर सूड म्हणून तीच कथा, स्वल्पविरामही न बदलता, सगळीकडे पाठवत सुटणारे लेखक असतात. स्पर्धांसाठी आलेल्या कथा वाचताना ते लगेच ओळखू येतात: पहिल्या पानावर जुन्या स्पर्धेचं नाव तसंच राहिलेलं असतं.

तेंडुलकरांचं पडलेलं नाटक

विजय तेंडुलकरांचं ‘गृहस्थ’ हे सुरुवातीच्या काळातलं नाटक. ते पडलं. प्रेक्षकांनी त्याला थारा दिला नाही आणि यापुढे लिहायचं नाही अशी शपथ तेंडुलकरांनी घेतली. शपथ मोडली ती ‘श्रीमंत’ने, आणि तिथून पुढे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि ‘घाशीराम कोतवाल’पर्यंतचा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे.

हा किस्सा ‘हार मानू नका’ या थाटात व्यासपीठावरून सांगितला जातो. मला त्यातल्या दोन दुर्लक्षित गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे तेंडुलकरांनी त्या पडलेल्या नाटकाला माळ्यावर टाकलं नाही. त्याचंच पुनर्लेखन पुढे ‘कावळ्यांची शाळा’ या नावाने आलं. लोकांनी नाकारलेल्या मजकुरात काय शिल्लक आहे, हे त्यांनी थंड डोक्याने पुन्हा तपासलं. दुसरी गोष्ट त्यांच्या नोकरीची. ‘नवभारत’, ‘मराठा’, ‘लोकसत्ता’ अशा वृत्तपत्रांत ते काम करत होते. नाटक पडलं तरी रोज ठरलेल्या वेळी ठरलेला मजकूर द्यावा लागतच होता. शपथ घेतलेल्या माणसाचाही लिहिता हात थांबला नाही, तो असा.

असंच काहीसं चेखॉव्हचं. त्याचं ‘सीगल’ १८९६ च्या ऑक्टोबरात सेंट पीटर्सबर्गला पहिल्याच प्रयोगात सपशेल आपटलं, आणि पुन्हा नाटक लिहिणार नाही असं तोही म्हणाला. दोन वर्षांनी मॉस्को आर्ट थिएटरने तेच नाटक उभं केलं आणि ते गाजलं. या वेळी मात्र चूक नाटकाची कमी आणि ते बसवण्याच्या पद्धतीची जास्त होती. म्हणजे अपयश सारखंच दिसतं, पण एकदा लेखनात दुरुस्ती लागते आणि एकदा दुसरा नट, दुसरा मंच, दुसरा अंक. यातलं आपलं प्रकरण कुठलं, हे एकट्याने ठरवता येत नाही. त्यासाठी वाचणारा लागतो.

खटाववाडीतली पत्रं

वाचणारा संपादक कसा असतो, याचं मराठीतलं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘सत्यकथा’ हे मासिक. गिरगावातल्या खटाववाडीत मौज प्रकाशनाच्या कार्यालयात संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन आलेली कथा नुसती स्वीकारत किंवा नाकारत नसत. ती वाचून लेखकाला पत्र लिहीत. अमुक प्रसंग ओढून आणल्यासारखा वाटतो, तमुक पात्र शेवटी असं का वागतं ते पटत नाही, हा परिच्छेद काढला तर काय बिघडेल? लेखक ती कथा पुन्हा लिहून पाठवी, कधी पुन्हा पत्र येई. ‘सत्यकथे’त छापून येणं ही त्या पिढीत लेखक झाल्याची पावती मानली जाई, ती या चाळणीमुळे.

सालवडच्या लेखकाने यातली एक गोष्ट नीट पाहावी. ‘सत्यकथे’त लिहिणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहत. मुंबईच्या साहित्यवर्तुळात त्यांची ऊठबस नव्हती, समारंभ ते टाळत. संपादकांशी त्यांचा बहुतेक व्यवहार पत्रांतून चाले, आणि त्यांच्या पत्रांचे पुढे जाडजूड खंड निघाले. धारवाडच्या मानाने बोईसर म्हणजे गिरगावच्या दारात. चर्चगेट इथून शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि २०१३ पासून तर लोकलही डहाणूपर्यंत येते. तेव्हा ‘आम्ही लांब पडतो’ ही सबब लंगडी आहे.

या चित्राची दुसरी बाजूही आहे. ‘सत्यकथे’ची चाळणी ज्यांना नको होती, त्यांनी तिच्याविरुद्ध बंड केलं. अनियतकालिकांची, म्हणजे लेखकांनी स्वतःच काढलेल्या छोट्या अंकांची, चळवळ उभी राहिली. राजा ढाले यांनी १९६९ मध्ये ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून त्या अभिरुचीची झाडाझडती घेतली, आणि मासिकाच्या अंकाची होळीही झाली. त्यांचं म्हणणं असं की हे संपादक चांगल्या कथेचा एकच साचा ओळखतात, आणि झोपडपट्टीतलं, गावकुसाबाहेरचं जगणं त्या साच्यात बसत नाही. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ ला आला तो त्याच वातावरणातून. गंमत म्हणजे त्याला प्रस्तावना तेंडुलकरांची.

माझ्या मते दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. श्री. पुं.चं पत्र आलं तर लेखकाने ते रात्रभर वाचावं. पण वाचून झाल्यावर, या माणसाला माझी भाषा कळली नाही की माझी भाषाच अजून झाली नाही, हा प्रश्न स्वतःलाच विचारावा लागतो. त्याचं उत्तर संपादक देत नाही.

‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झालं. तेवढ्या निगुतीने नवोदिताला पत्र लिहिणारं नियतकालिक आज सहज सापडत नाही. आपल्याच जिल्ह्यात, वसईला, ‘सुवार्ता’ या मासिकाने मात्र स्थानिक लिहित्या माणसांना वर्षानुवर्षं जागा दिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे दीर्घकाळ संपादक होते. २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. एका चर्चचं मासिक, एका कोपऱ्यातला तालुका, आणि त्यातून मराठीत मान्यता पावलेला लेखक घडला. आजूबाजूला छापणारं कुणीतरी असणं किती कामाला येतं, ते यावरून कळावं.

‘छान आहे’ने काय होतं

अभिप्राय देणाऱ्यांत सर्वांत जास्त नुकसान करतो तो कौतुक करणारा. आपला माणूस आहे, मन दुखवायचं नाही, शिवाय त्याने कथा अर्धीच वाचलेली असते. ‘छान आहे, लिहीत राहा.’ यात खोटं काही नसतं आणि उपयोगाचंही काही नसतं. दुसरा असतो शुद्धलेखनवाला. तो ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करतो आणि कथेबद्दल अवाक्षर काढत नाही. त्याचे आभार मानावेत, कारण ते काम कधीतरी कुणालातरी करावंच लागतं. तिसरा म्हणतो, ‘मी असतो ना, तर शेवटी तिला मारलं असतं.’ त्याच्या डोक्यात त्याची कथा आहे, तुमची नाही. तरीही त्याने शेवटावर बोट ठेवलं हे ध्यानात ठेवावं. सुचवलेला उपाय बहुधा चुकीचा असतो, पण ज्या जागी त्याला उपाय सुचवावासा वाटला ती जागा बहुधा दुखरीच असते.

खरा कामाचा वाचक तो, जो पानावर खूण करून सांगतो: ‘इथे मी थांबलो. इथे मला कळेना कोण बोलतंय. हे वाक्य मी दोनदा वाचलं.’ त्याला कारण देता आलं नाही तरी चालेल.

असा वाचक आपोआप मिळत नाही, त्याला विचारण्याचीही रीत आहे. ‘कशी वाटली?’ हा प्रश्न विचारूच नये, त्याचं उत्तर ‘छान’ हेच येतं. त्याऐवजी विचारावं: कुठे कंटाळा आला? वाचून चार दिवस झाले, आता काय आठवतंय? शेवट आधीच कळला का, आणि कळला तर कुठल्या ओळीला? हा माणूस कुठलं काम करतो असं वाटलं? आणि तो बोलत असताना मधे तोंड घालू नये. ‘नाही, मला तिथे असं म्हणायचं होतं’ हे वाक्य जिभेवर आलं की समजावं, ते कथेत लिहायचं राहिलं आहे. छापून आल्यावर प्रत्येक वाचकाच्या शेजारी बसून समजावून सांगायला लेखक जाणार नसतो.

वाचक दोन तऱ्हेचे हवेत. एक, ज्याने कथा पुष्कळ वाचल्या आहेत. दुसरा, ज्याला कथेतलं जग ठाऊक आहे. कारखान्यावर लिहिलं असेल तर ती एखाद्या ऑपरेटरला वाचायला द्यावी, मासेमारीवर असेल तर बोटीवर जाणाऱ्याला. साहित्याच्या जाणकाराला न दिसणाऱ्या चुका हे लोक पहिल्या पानावर पकडतात.

एक परिच्छेद, दोन खर्डे

बोलून भागत नाही, दाखवलेलं बरं. खालचा मासला मी या लेखासाठी तयार केला आहे, पण अशी सुरुवात स्पर्धेच्या गठ्ठ्यात हटकून सापडते. पहिला खर्डा असा:

‘औद्योगिकीकरणाच्या राक्षसाने गिळलेल्या माझ्या गावावर आज पुन्हा एक उदास संध्याकाळ उतरली होती. विषारी धुरात माणुसकी गुदमरत होती. रात्रपाळी करून थकलेभागलेले बाबा घरी आले. त्यांच्या चेहऱ्यावर कष्टाच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. आईच्या डोळ्यांत मूक वेदना होती.’

कथा वाचणाऱ्याचा अभिप्राय येतो: राक्षस, विषारी धूर, गुदमरलेली माणुसकी हे सगळं मी आधी वाचलंय. गावाचं नाव बदललं तर हा परिच्छेद चिपळूणलाही चालेल आणि चंद्रपूरलाही. बाबा मला दिसत नाहीत. कष्टाच्या रेषा म्हणजे नेमकं काय दिसलं?

कारखान्यात काम करणारा एवढंच विचारतो: रात्रपाळीवाला संध्याकाळी कसा काय सुटला?

पहिल्या वाचकाचं म्हणणं पचायला वेळ लागतो. दुसऱ्याचं ऐकून लाज वाटते, आणि तीच जास्त कामाची. कारण वेळ दुरुस्त करायला गेलं की सकाळ आली, सकाळ आली की घरात त्या वेळी काय चालू असतं ते आलं. दुसरा खर्डा:

‘बाबा सकाळी साडेसातला यायचे आणि घरात न शिरता मागच्या मोरीत जायचे. कंपनीत ज्या रंगाचा माल चालू असेल तो त्यांच्या बनियनला, कानांमागे, नखांत. पिवळा आठवडा सगळ्यात वाईट, उशीचा अभ्रासुद्धा पिवळा व्हायचा. आई त्यांचा टॉवेल वेगळ्या दोरीवर घालायची. एका सोमवारी ती म्हणाली, “आज निळा लागला वाटतं,” आणि पगाराचं विचारायचं विसरली.’

यात औद्योगिकीकरण हा शब्द नाही, वेदना नाही, राक्षस तर नाहीच. तरी रंगाच्या कारखान्याशेजारचं घर आलं. हा काही थोर परिच्छेद झाला असं माझं म्हणणं नाही. शेवटचं वाक्य थोडं ठरवून केल्यासारखं आहे, आणि तिसऱ्या खर्ड्यात ते कदाचित जाईल. मुद्दा एवढाच की दुसरा परिच्छेद प्रतिभेने सुचला नाही. दोन माणसांनी दोन प्रश्न विचारले, म्हणून तो लिहिता आला.

पुनर्लेखनाचं एक पथ्य: अभिप्राय मिळाल्या मिळाल्या दुरुस्ती करू नये. त्या दिवशी आपण एकतर चिडलेले असतो किंवा खचलेले, आणि दोन्ही अवस्थांत माणूस कथेतली चांगली वाक्यंच आधी कापतो. आठवडाभर कागद बाजूला ठेवावेत. जुना खर्डा मात्र फेकू नये.

बोलीवर आक्षेप आला तर

आपल्या भागातल्या लेखकाला हमखास ऐकावा लागणारा अभिप्राय म्हणजे ‘ही भाषा वाचकाला कळणार नाही’. वाडवळीत किंवा मांगेलीत संवाद लिहिले की तो येतोच.

या आक्षेपाला मराठी साहित्यानेच उत्तर देऊन ठेवलं आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ला आली ती वऱ्हाडीत बोलत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला माणदेश त्याच्याही आधी, १९५५ मध्ये, पुण्या-मुंबईच्या वाचकाने आपलासा केला. बहिणाबाईंच्या कविता खानदेशी बोलीतल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव चौधरी यांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपाने आल्या. तोपर्यंत बहिणाबाई हयात नव्हत्या. बोली कळणार नाही म्हणून त्या कविता कुणी बाजूला ठेवल्याचं ऐकिवात नाही.

पण आक्षेप सरसकट उडवूनही लावू नये. पुष्कळदा बोली हा अडथळा नसतोच. कोण कुणाला काय सांगतंय हे लेखकालाच नीट ठरवता आलेलं नसतं, आणि दोष बोलीवर जातो. कसोटी सोपी आहे. तोच संवाद प्रमाण मराठीत लिहून पाहा. तिथेही तो ढिला वाटला तर बोलीचा वाद घालत बसू नका, संवाद सुधारा. प्रमाण मराठीत तो चालला आणि बोलीत जास्त चालला, तर संपादकाला तसं नम्रपणे कळवा आणि बोली राहू द्या. दोन-तीन अनोळखी शब्द वाचक संदर्भाने उचलतो. पानभर तळटीपा दिल्या तर मात्र कथेचं पाठ्यपुस्तक होतं.

टीका कुठे संपते आणि हल्ला कुठे सुरू होतो

बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ मध्ये आल्या आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यातून ते निर्दोष सुटले. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ला परिनिरीक्षण मंडळाने अडवलं, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टापर्यंत लढले. दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ मध्ये वाचकांना हलवलं, तसं आपल्या समाजाची लक्तरं वेशीवर टांगली म्हणून स्वतःच्या माणसांचे बोलही त्यांना खावे लागले. या गोष्टींना अभिप्राय म्हणत नाहीत. त्यातून परिच्छेद सुधारत नसतो, आणि तसा प्रयत्नही करू नये.

सालवडसारख्या गावात याची छोटी आवृत्ती घडते. कथेतल्या सरपंचात, शेठमध्ये, भांडखोर सासूत कुणीतरी स्वतःला ओळखतो आणि नाक्यावर गाठून जाब विचारतो. यावर माझं मत रोखठोक आहे: माणूस ओळखू येईल असा ठेवायचा असेल, तर त्याचं कारण कथेत असलं पाहिजे, लेखकाच्या मनातल्या जुन्या हिशेबात नाही. कंपनीत नोकरी करत कंपनीवर लिहिणाऱ्याने तर नाव, प्लॉट नंबर, उत्पादन हे सगळं बदलावं. पोट नोकरीवर चालतं, कथेवर नाही.

पाळीतून काढलेला वेळ

बारा तासांची ड्युटी करून कुणी लिहितं का, असं विचारणाऱ्यांनी नारायण सुर्व्यांचं आयुष्य पाहावं. गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढवलेला मुलगा. त्याने गिरणीत काम केलं, हमाली केली, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला, मग शिक्षक. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ मध्ये आलं आणि ‘माझे विद्यापीठ’ त्यानंतर चार वर्षांनी. सुर्व्यांना कामगार चळवळीतली, मोर्चांतली, सभांतली माणसं ऐकायला होती, आणि समोर बसलेला श्रोता कविता कुठे सैल पडते ते चेहऱ्यावरच दाखवतो. कविता लिहिणाऱ्यांनी म्हणून ती मोठ्याने वाचावी, शक्यतो कवी नसलेल्या माणसांपुढे. कविसंमेलनातली दाद धरू नये, तिथे प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट पाहत असतो.

कुठे जायचं, कशापासून दूर राहायचं

मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये सुरू झालेली कोकण मराठी साहित्य परिषद, म्हणजे ‘कोमसाप’, आपल्या भागातही काम करते. तिच्या कार्यक्रमांना जाऊन कविता वाचण्यापेक्षा वाचणारी दोन माणसं हेरून यावं. सार्वजनिक ग्रंथालयात जाणं यातच धरावं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावी अनुदानित वाचनालयं उभी राहिली आहेत. जी कथा पाठवायची आहे ती ज्या अंकाला पाठवायची, त्याचे जुने अंक तिथे चाळता येतात. अंक न वाचता त्याला कथा पाठवणारे लेखक संपादकाला ढिगातूनही ओळखू येतात.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. हे मंडळ १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालं. योजना ज्यांचं एकही पुस्तक निघालेलं नाही त्यांच्यासाठी आहे, आणि हस्तलिखित आधी जाणकारांच्या नजरेखालून जातं. अनुदान मिळालं नाही तरी त्या निमित्ताने हस्तलिखित नीट लावून होतं. पस्तिशीच्या आतल्यांसाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून आहे, पण त्यासाठी आधी पुस्तक हवं. त्यामागे लागून पुस्तकाची घाई करू नये.

टाळायच्या जागाही सांगतो. प्रत्येक कवीकडून ठरावीक रक्कम घेऊन काढलेले प्रातिनिधिक संग्रह. प्रवेशशुल्क भरलं की हमखास मिळणारे ‘राज्यस्तरीय’ पुरस्कार. हजार प्रती छापून देतो म्हणणारा आणि नंतर त्या प्रती तुमच्याच घरी आणून टाकणारा प्रकाशक. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात पाप नाही, पुष्कळ चांगली पुस्तकं तशी निघाली आहेत. पण पैसे घेऊन छापणारा माणूस ‘हे अजून झालेलं नाही’ असं कधीच म्हणत नाही, आणि नव्या लेखकाला ऐकायला हवं असतं ते नेमकं तेच.

आता येत्या दिवाळीचं. कथा मे-जूनपर्यंत अंकाकडे पोहोचू द्या, फार उशिरा आलेल्या कथा वाचल्या न जाण्याची शक्यता असते. एका वेळी एकाच अंकाकडे पाठवा, आणि उत्तराची वाट किती पाहायची ते आधीच ठरवून ठेवा. प्रत स्वतःकडे राहू द्या. आणि कथेच्या शेवटच्या पानावर पूर्ण नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहायला विसरू नका. निव्वळ टोपणनावाने आलेली कथा आवडली, तरी ती छापायला परवानगी कुणाची घ्यायची हे संपादकाला कळत नाही आणि ती बाजूला पडते.